मोकळी नळी

मुनाफनं पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही टार्गेटभर विखुरल्या, मूठभर हरभरे भिंतीवर फेकावेत तशा. टार्गेटपाशी, बटावर, बसलेल्या शिपायानं झेंडा हलवून कोणती कुठं लागली ते दाखवलं, तसा चांदमारीवर उभ्या असलेल्या पोरांत कोणीतरी हळूच हसलं.

मुनाफ शेख आमच्या गटाचा पहिल्या नंबरचा नेमबाज. त्याच्या पाच गोळ्यांवर एक वाटी पालथी घातली तरी सगळ्या झाकल्या जायच्या, असा त्याचा हात. तो पालथा पडल्या पडल्याच मागं वळला. त्यानं टार्गेटकडं पाहिलं नाही. हातातल्या कार्बाइनकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"डाखोरेताई, हे माझं नाही," तो म्हणाला. "मी बरोबर मारतोय."

"मग काय टार्गेट नाचतंय का रे?" निरीक्षक ढोले साहेब मागून म्हणाले. ते मुनाफला बोलत होते, पण ऐकवत मला होते. "नवीन हँडगार्ड कोणी बसवलंय? डाखोरेबाईंनी. मग विचारायचं काय त्यात?"

मागं शामियान्यात आमच्या गटाचे समादेशक बसले होते. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि चहाचा कप उचलला. 

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते आधी सांगते, म्हणजे मी पुढं जे केलं ते उगाच माजोरेपणा वाटणार नाही. मी राज्य राखीव पोलिसांच्या एका गटात आरमोरर होते. हत्यारं खोलायची, साफ करायची, तुटलं-झिजलं बदलायचं आणि परत जोडायचं, हे आमचं काम. आमच्या शस्त्रागारात त्या टेबलावर बसलेली मी पहिली बाई. तेही कायमचं नाही, 'बघू जमतंय का' म्हणून बसवलेलं. नाही जमलं तर कंट्रोल रूमला जाऊन फोन उचलायचे, हे ढोले साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. फोन उचलण्यात कमीपणा नाही. पण मला फोन उचलायचे नव्हते. मला लोखंड कळायचं. माझ्या हाताला ते कळतं हे मला कळलं होतं, आणि एकदा माणसाला असं काही कळलं की त्याला दुसरीकडं करमत नाही.

राज्याच्या पोलीस नेमबाजी स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. संघाच्या कार्बाइनींसाठी लांब हँडगार्डांचा एक खोका आला होता. जुनं हँडगार्ड, म्हणजे डाव्या हातानं धरायचं नळीवरचं आवरण, आखूड, आणि ते पुढं-मागं दोन्हीकडं नळीलाच पकडून बसायचं. नेमबाजानं डावा हात दाबला, पट्टा ताणला, की तो जोर थेट नळीवर जायचा आणि गोळी तेवढी सरकायची. नवं हँडगार्ड म्हणजे लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळकांडी. ती फक्त मागच्या टोकाला, बॉडीजवळ एका नटानं पक्की होते. बाकी नळी तिच्यातून मोकळी जाते, कुठंही न टेकता. हात कितीही पुढं धरा, कितीही दाबा, नळीला त्याचा पत्ता लागत नाही. सगळी करामत त्या मोकळेपणात.

मोठे साहेब म्हणाले, आधी एक बसवा, चांदमारीवर पाहू, चाललं तर उरलेली अकरा. ढोले साहेबांनी काम मला दिलं. मी खूश झाले, तर मुनाफ म्हणाला, "ताई, खूश नका होऊ. जमलं तर त्यांचं, फसलं तर तुमचं."

बसवताना शेजारी गावंडेकाका होते. महादेव गावंडे, आमचे हवालदार आणि शस्त्रागाराचे जुने खांब. माणूस देवभोळा, कपाळाला बुक्का लावल्याशिवाय टेबलाला हात लावायचा नाही. माझ्यासारखेच वऱ्हाडातले. मला पाना कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं होतं. बाकीचे जेवायला गेले की ते डबा बाजूला ठेवून मला एकेक भाग उलगडून दाखवायचे, "पोरी, पाह्य, याले जोर नाही लावाचा, याले समजून घ्याचं." त्या शस्त्रागारात मला 'पोरी' म्हणणारा तो एकच माणूस. बाकी सगळे 'ओ मॅडम' म्हणायचे, तेही जरा ओढून.

हँडगार्ड बसलं. नळी मोकळी आहे का हे बघायची माझी आपली एक रीत होती. एसटीचं तिकीट घ्यायचं, नळी आणि हँडगार्डच्या फटीत सरकवायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चारी बाजूंनी फिरवायचं. कुठं अडकलं तर समजायचं तिथं काहीतरी टेकतंय. तिकीट लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. काकांनी स्वतः फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन गोड केलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी शस्त्रागारात मोठी पूजा असते. पहाऱ्यावरची सोडून सगळी हत्यारं मांडायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. एकदा पूजा झाली की दसरा सरेपर्यंत मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. मी नवं पातळ नेसून, डोक्यात गजरा घालून पहाटेच पोचले. माझ्या टेबलावरचं हत्यार पूजेत मध्यभागी ठेवणार होते ना.

गावंडेकाका दारातच भेटले. खाली बघत म्हणाले, "पोरी, तू बाहेर रांगोळी काढ. आत नको येऊ. साहेबाचा हुकूम आहे."

"काऊन?" मी विचारलं.

"असते काही काही," ते म्हणाले आणि आत गेले.

मी रांगोळी काढली. आतून आरती ऐकू येत होती आणि मी बाहेर उकिडवी बसून ठिपके जोडत होते. ढोले साहेबांच्या नावानं मनात जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी बसवलेलं हत्यार आत, मी बाहेर. संताप संताप झाला माझा. पण प्रसाद वाटला, निमूट घरी आले, आणि दसऱ्यानंतर शस्त्रागार उघडलं तेव्हा ती कार्बाइन माझ्या टेबलावर आलीच नाही. मोठे साहेब येऊन बसलेत म्हणून ढोले साहेबांनी ती थेट चांदमारीवर मागवली. नळी आरपार पाहिली, वरचं कुंकू फडक्यानं पुसलं आणि दिली मुनाफच्या हातात. त्यानंतरच्या पाच गोळ्यांचं काय झालं ते सांगितलंच आहे.

ढोले साहेबांनी मला मातीच्या बांधामागं बोलावलं. गावंडेकाकाही मागोमाग आले.

"हे बघ डाखोरे," साहेब म्हणाले, आवाज एकदम मऊ. "पहिल्यांदाच बसवलंस. होतं. साहेबांपुढं जा आणि सांग की मागचा नट माझ्याकडून ढिला राहिला. माफी माग. मी पुढं सांभाळून घेतो. टेबल तुझ्याकडंच राहील, काकांच्या हाताखाली. ती लांब हँडगार्डं मात्र आपण परत पाठवू. नसती कटकट."

"नट ढिला नाहीये, साहेब."

"तुला काय माहीत?"

"मीच आवळलाय ना. मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"बघ, तुझ्या भल्याचं सांगतोय. नाहीतर मला लिहून द्यावं लागेल की हिला काम जमत नाही. मग तू आणि कंट्रोल रूम."

मी काकांकडं पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील, साहेब, तिकीट मी स्वतः फिरवून पाहिलंय. ते म्हणाले, "पोरी, मान्य करून टाक. साहेब चांगलंच सांगून राह्यले. टेबल राह्यलं की सगळं राह्यलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा मला राग आला. न केलेली चूक कबूल करून मिळालेल्या टेबलावर मी बसले असते, तर रोज सकाळी पाना हातात घेताना ढोले साहेबांचंच तोंड दिसलं असतं.

"मी माफी नाही मागणार," मी म्हणाले. "मला हत्यार तपासायचंय. इथंच, सगळ्यांसमोर."

"इथं काही उघडायचं नाही. परवानगी नाही."

"मग परवानगी घेते."

आणि मी बांधाला वळसा घालून थेट शामियान्याकडं चालू लागले. आमच्या खात्यात वरिष्ठाला ओलांडून त्याच्या वरिष्ठाशी बोलणं म्हणजे काय हे खात्यातल्या माणसालाच कळेल. ढोले साहेब मागून "डाखोरे, डाखोरे" करत होते. मी थांबले नाही. मोठ्या साहेबांपुढं जाऊन कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, हँडगार्ड मी बसवलंय. ते बरोबर बसलंय. मला ते तपासू द्या. माझी चूक निघाली तर मी आजच्या आज कंट्रोल रूमला जाते, कोणी लिहून द्यायची गरज नाही."

मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "किती खोलावं लागेल?"

"काही खोलायचं नाही, साहेब. एसटीचं तिकीट असेल कोणाकडं तर बघा."

आता मात्र पोरं उघड हसली. मुनाफनंच खिशातून एक चुरगळलेलं तिकीट काढून दिलं. मी हत्यार रिकामं असल्याची खात्री करून ते टेबलावर घेतलं, तिकीट पुढच्या टोकाकडून फटीत घातलं आणि मागं सरकवलं. खालून गेलं. डावीकडून गेलं. उजवीकडून गेलं. वरच्या बाजूनं निम्म्यात गेलं आणि थटलं.

मी पुन्हा सरकवलं. पुन्हा तिथंच.

हँडगार्डाला वर खाचा असतात. त्या खाचेला डोळा लावून पाहिलं तर आत काहीतरी पिवळं. मी साफसफाईची बारीक सळई घेतली आणि हळूहळू पुढं ढकलत आणलं. बाहेर पडलं ते हळकुंड. चांगलं बोटभर लांब, पिवळा दोरा गुंडाळलेलं, फटीत पाचरीसारखं ठोकून बसलेलं. नळीच्या बाजूनं ते घासून काळं पडलं होतं. नळी मोकळी राहावी म्हणून सगळा खटाटोप, आणि तिच्याच पाठीवर हे बसलेलं. गोळीगणिक नळी तापत होती आणि हळकुंड तिला दाबत होतं. मुनाफ काय, कोणीही मारलं असतं तरी तेच झालं असतं.

मी ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कपाशेजारी ठेवलं. कोणी हसलं नाही.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पूजेतलं असेल काहीतरी, साहेब," ढोले साहेब घाईघाईनं म्हणाले. "चुकून राहिलं असेल. पोरांनी..."

"हे चुकून राहत नाही," मी म्हणाले. "दोरा बांधलाय त्याला."

"पूजेला आत कोण कोण होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आम्ही सगळे होतो, साहेब," ढोले साहेब म्हणाले.

"सगळे नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "साहेब, हळकुंड कोणी घातलं ते मला माहीत नाही, आणि मला ते विचारायचंही नाही. मी बाहेर का होते तेवढं विचारा. मी आत असते तर याला नळीजवळ येऊ दिलं असतं का? हत्यार बसवलं मी, आणि पूजेच्या वेळी मला दाराबाहेर बसवून ठिपके जोडायला लावले. ज्यांनी हुकूम दिला त्यांना विचारा."

आणि मी सरळ ढोले साहेबांकडं बोट केलं. आज विचार केला तर अंगावर काटा येतो. हवालदारसुद्धा नसलेली बाई निरीक्षकाकडं बोट दाखवतेय.

ढोले साहेबांचं तोंड लाल झालं. पण ते म्हणाले, "मी असला हुकूम दिलेला नाही, साहेब. मला ही बाई टेबलावर नको होती, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. बाहेर काढायचं असतं तर तेही तोंडावर सांगून काढलं असतं. लपून काय करायचंय मला?"

माणूस आडमुठा होता, पण खरं बोलत होता. ते ऐकताच कळत होतं. मागं वळून बघायची इच्छा होत नव्हती, तरी वळले.

गावंडेकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"हळकुंड म्या बांधलं, साहेब," ते म्हणाले. "आन् पोरीले बाहेर बी म्याच ठेवलं. साहेबाचं नाव सांगतलं, कारन माह्या तोंडानं सांगाले जमलं नाही."

"का?"

"आमच्या घरी नव्या अवजाराले हळकुंड बांधतात. पह्यलं काम होईस्तोवर सोडत नाहीत. आन् हे त..." ते अडखळले. "हे बाईच्या हातानं बसलेलं. देवाम्होरं ठेवाचं होतं. मले वाटलं, काही बाट लागला असन त निंघून जाईन. उद्या काही इपरीत झालं त लोकं तिलेच बोल लावतीन. तिच्यासाठीच केलं, साहेब. माह्या मनात पाप नोतं."

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज अगदी साधा निघाला.

"काका, वर्षभर मी तुमच्या शेजारी बसले. तुमच्या पान्यानं शिकले. तेव्हा नाही बाटलं काही?"

"शिकवनं येगळं, पोरी. देवाचं येगळं."

"आणि मघाशी? बांधामागं? तिकीट तुम्ही स्वतः फिरवून पाहिलं होतं. तरी म्हणालात, मान्य करून टाक."

ढोले साहेब माझे वैरी आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याचं मला कधी ओझं झालं नाही. हे मात्र छातीवर बसलं. ज्या माणसानं माझ्या हातात पाना दिला, त्यालाच तो हात धुऊन काढावा असा वाटला होता. आणि तो हे सगळं मायेनं करत होता, याचंच मला जास्त लागलं.

मोठे साहेब म्हणाले, "गावंडे, उद्या ऑफिसात भेटा. शेख, परत मार."

मुनाफ पुढं झाला. मी म्हणाले, "नाही साहेब. आमच्याकडं रीत आहे. जो बसवतो तो पहिली गोळी झाडतो. आज ती मला झाडू दिली नव्हती."

साहेबांनी मान हलवली.

मी पालथी पडले. लांब हँडगार्डावर डावा हात जितका पुढं जाईल तितका नेला आणि मुद्दाम घट्ट दाबून धरला, म्हणजे कोणाला पुढं शंका नको. मी काही मुनाफ नव्हे. माझ्या पाच गोळ्या वाटीत मावल्या नाहीत, ताटलीत मावल्या. पण सगळ्या एका जागी होत्या. मग मुनाफनं मारल्या. त्याच्या वाटीत मावल्या. बटावरून झेंडा हलला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचं काही वाटलं नाही. मघाशी हसले होते तेच हे.

"उरलेली अकरा बसवा," मोठे साहेब उठता उठता म्हणाले. "डाखोरेच बसवतील. ढोले, यांचं टेबल पक्कं करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकरा कार्बाइनी ओळीनं लावल्या आणि पहिली व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरली. गावंडेकाका ऑफिसातून आले. साहेबांनी त्यांना ताकीद देऊन सोडलं होतं. ते बराच वेळ दाराशी उभे राहिले, मग टेबलाजवळ आले. त्यांच्या हातात नारळ होता आणि कागदाच्या पुडीत हळदकुंकू.

"पोरी, चूक झाली माह्याकडून. कालपासून जेवन गेलं नाही मले," ते म्हणाले. "साहेबाची परवानगी आनली. आज पूजा करू या अकराची. तू बस पूजेले. मी बाहेर उभा राह्यतो दाराशी. तुह्या हातानं होऊ दे."

माणूस खरंच कळवळला होता. डोळे लाल होते त्याचे. मी जर हो म्हणाले असते तर तिथल्या तिथं सगळं गोड झालं असतं, सगळ्यांनी पेढे खाल्ले असते आणि काका मोकळ्या मनानं घरी गेले असते. मला ते करायचं नव्हतं. माझ्या हातात दोष होता, तो आता पूजेनं गेला, असं त्यांच्या मनात कुठंतरी राहिलंच असतं. दोष नव्हताच. मग घालवायचं काय?

"नारळ त्या खिडकीत ठेवा, काका," मी म्हणाले. "पूजा नको."

"रागावली काय तू?"

"हो. रागावले. आणि हा राग लवकर जायचा नाही, त्याला वेळ लागेल. पण हे काम आज संपवायचंय." मी खोक्यातलं लांब हँडगार्ड उचलून नळीवरून मागं आणलं. "एकटीला सरळ धरता येत नाही. तुम्ही पुढचं टोक धरा. मी नट आवळते."

ते तसेच उभे राहिले. आजवर पुढचं टोक धरायचं काम माझं होतं आणि नट आवळायचं त्यांचं. शस्त्रागारातली दोन-तीन पोरं आपलं काम सोडून बघत होती.

काकांनी नारळ खिडकीत ठेवला, पुडी खिशात घातली, धोतराला पुसावेत तसे हात पँटला पुसले आणि पुढचं टोक धरलं.

"थोडं वर," मी म्हणाले. "नळीला लागतंय."

त्यांनी वर उचललं आणि विचारलं, "एवढं?"

"अजून जरा. हं, आता हलवू नका."

आणि मी पाना लावला.